फोटोतलं गाव कुठल्या महिन्यात असतं?

कोकणातल्या कुठल्याही घरगुती निवासाची जाहिरात उघडा, तिच्यात साधारण सहा फोटो असतात. एकात पोपटी गवताने झाकलेला सडा, दुसऱ्यात निळाशार नितळ समुद्र, तिसऱ्यात केळीच्या पानावर मांडलेल्या हापूसच्या फोडी, चौथ्यात रव्यात घोळवून तळलेली सुरमई, पाचव्यात पडवीतला रिकामा झोपाळा आणि सहाव्यात त्याहून रिकामा किनारा. यातला एकही फोटो खोटा नसतो, घोळ असतो तो सहांच्या बेरजेत. सडा हिरवा होतो जूनच्या मध्याला आणि सप्टेंबरपर्यंत तसा राहतो, पण त्या दिवसांत समुद्र मातकट आणि चिडलेला असतो. समुद्र निळा होतो नोव्हेंबरनंतर, तेव्हा आंब्याला अजून मोहोराचीच पंचाईत असते. आंबा हाताशी येतो एप्रिल-मेमध्ये, तोवर सड्यावरचं गवत वाळून गेलेलं असतं आणि झोपाळ्यावर पुण्याचं एक अख्खं कुटुंब बसलेलं असतं. म्हणजे फोटोतलं गाव आहे, पत्ताही बरोबर आहे, फक्त ते कुठल्याही एका दिवशी नसतं. आपली सुट्टी मात्र एका ठरलेल्या दिवशी सुरू होते आणि तीन दिवसांत संपते. खेड्यातल्या सहलीची आखणी फसते ती इथे. ‘कुठे’ हे ठरवायला आपण महिना घालवतो आणि ‘कधी’ हे शाळेच्या वेळापत्रकावर सोडून देतो. शहरात हे खपून जातं, कारण मॉल मेमध्येही तोच आणि ऑगस्टमध्येही तोच. गावाचं तसं नाही. तिथे जागेला किंमत येते ती महिन्याने, तिथीने आणि कधी कधी तर तासाने.

‘कुठे’चा वाद कुटुंबाच्या ग्रुपवर रंगतो. दिवेआगरवाल्यांचा एक गट, गुहागरवाल्यांचा दुसरा, आणि ‘तारकर्ली नसेल तर आमचं धरू नका’ असं बजावणारे एक भावोजी. नकाशावर अंतरं मोजली जातात. आंजर्ल्याहून गुहागर बोटभर अंतरावर दिसतं. मधल्या दाभोळच्या खाडीचा शोध नकाशा मोठा केल्यावर लागतो आणि ती गाडीसकट फेरीबोटीने ओलांडायची असते हे त्याच्याही नंतर कळतं. मग मुंबई-गोवा महामार्गाचा विषय निघतो आणि त्यात दोन संध्याकाळी जातात, कारण २०११ मध्ये पहिलीत बसलेलं पोर बारावी पास होऊन गेलं तरी त्या रस्त्याचं चौपदरीकरण काही पास झालं नव्हतं. एवढ्या चर्चेत तारीख कुणीच ठरवत नाही. ती उरते. धाकट्याची परीक्षा, थोरलीचे क्लास, एका जावेच्या ऑफिसची वर्षअखेर, आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि सोसायटीची सर्वसाधारण सभा वजा जाता जे तीन दिवस शिल्लक राहतात, ती सहलीची तारीख. त्यानंतर घरमालकीणबाईंना फोन जातो. एसी आहे का, वायफाय आहे का, कमोड आहे का, गाडी सावलीत लागेल का, समुद्र खोलीतून दिसतो की गच्चीवर जावं लागतं? बाई सगळ्याला ‘हो’ किंवा ‘बघू’ म्हणतात आणि शेवटी आपले दोनच प्रश्न विचारतात, ‘किती माणसं? आणि मासे खाता ना?’ पाहुण्याच्या सगळ्या यादीपेक्षा या दोन प्रश्नांत जास्त शहाणपण असतं, कारण त्यांच्या उत्तरावरून बाईंचं पुढचं गणित सुरू होतं. आपल्या यादीत मात्र ‘त्या दिवसांत तुमच्याकडे काय चाललेलं असतं?’ हा प्रश्न कधीच नसतो. गावात काही चाललेलं असेल, हेच मुळात आपल्या डोक्यात नसतं. सुट्टीवर आपण जातो, म्हणून गावही सुट्टीवर असणार, असा आपला सरळ हिशोब.

मे महिन्यापासून सुरुवात करू, कारण सगळे तिथूनच करतात. पाहुण्याच्या कल्पनेत हापूस झाडाखाली बसून खायचा असतो. प्रत्यक्षात बागायतदाराच्या घरात त्या महिन्यात बसायला कुणाला वेळ नसतो. उजाडताच माणसं बागेत गेलेली असतात. लांब काठीच्या टोकाला जाळी आणि पातं लावलेला झेला फांदीपर्यंत न्यायचा, बोटभर देठ ठेवून फळ उतरवायचं, कारण देठ मोडला तर चीक सालीवर ओघळतो आणि तिथे काळा डाग पडतो. फळ आपटता कामा नये, उन्हात राहता कामा नये. मग घरी आणून प्रतवारी, पेटीत पेंढा, पेटीला दोरी, आणि टेम्पो निघायच्या आत सगळं तयार. म्हणजे ज्या पडवीत निवांत बसायचं म्हणून आपण आगाऊ पैसे भरले, ती पडवी त्या महिन्यात घराचं गोदाम असते आणि झोपाळ्यावर पेट्या असतात. निवडक माल वाशीच्या बाजारात जातो, पाहुण्याच्या पानात येतो तो आपटलेला. चवीला तो कुठेच कमी नसतो, अडचण एवढीच की त्याचा फोटो चांगला येत नाही. पाण्याची गोष्ट याहून मजेशीर आहे. रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुण्याच्या चौपट धरा. तरीही त्या जिल्ह्यातल्या कित्येक वाड्यांवर मे महिन्यात टँकर येतो, कारण जांभ्याच्या जमिनीत पाणी टिकत नाही आणि उतारावरचं पाणी बघता बघता समुद्राला मिळतं. अशा दिवसांत विहिरीचा तळ दिसू लागलेल्या घरात ‘शॉवरला प्रेशर आहे ना?’ असं विचारणारा पाहुणा उद्धट नसतो. त्याने जाहिरातीतला फोटो पाहिलेला असतो आणि त्यात धबधबा असतो.

मे नको तर जुलै, असं म्हणणाराही एक गट असतो. हा गट स्वतःला रसिक समजतो आणि त्याचं अर्धं खरं आहे, कारण पावसाळ्यातलं कोकण दिसतं तसं वर्षभरात पुन्हा दिसत नाही. पण रसिकांनाही दुपारी भूक लागते आणि पानात सुरमई लागते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा तो काळ, शिवाय समुद्र खवळलेला. होड्या वाळूवर ओढून झापांखाली झाकून ठेवलेल्या असतात आणि जाळी दुरुस्त होत असतात. तरीही पाहुण्याच्या हट्टापायी सुरमई पानात येते. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिलला सुरू होते आणि १४ जूनला संपते, तेव्हा जुलैमधली ती सुरमई बर्फात बसून तिकडून आलेली असण्याची शक्यता बरीच आहे. म्हणजे ‘ताजी मासळी खायला’ म्हणून आपण डोंबिवलीहून दापोलीला येतो आणि जिला खायची तीही आपल्याहून लांबचा प्रवास करून तिथे पोचते. तारकर्लीचं स्कुबा पावसाळ्यात बंद, सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद, आणि घरमालकांच्या घरात लावणीची घाई, म्हणजे चहा मागायला हाक मारली तर उत्तर शेतातून येतं. याच महिन्यात त्याच घराच्या चुलीवर टाकळा, कुर्डू, भारंगी शिजत असते, फडताळात सोडे आणि सुकट असते, खाडीत थोडंफार मिळतं, आणि कुळथाच्या पिठल्याला पावसात जी चव येते ती इतर वेळी येत नाही. यातलं काही मेनूकार्डावर सापडत नाही, कारण मेनूकार्ड डिसेंबरमध्ये छापलेलं असतं.

यावर पहिला आक्षेप ठसक्यात येतो, ‘आम्हाला नका शिकवू, आम्ही मूळचे तिकडचेच.’ या आक्षेपाला मान द्यायला हवा, कारण मूळचे तिकडचे जे खरोखर होते त्यांना आखणी करावीच लागत नव्हती. मुंबईच्या गिरण्यांत काम करणारा चाकरमानी गावी जायचा तो शिमग्याला, गणपतीला आणि जमलंच तर मे महिन्यात. तारखा त्याने निवडलेल्या नव्हत्या, पंचांगाने निवडलेल्या होत्या. किनाऱ्याने जाणाऱ्या प्रवासी बोटीही पावसाळ्यात बंद असायच्या, त्यामुळे भलत्या महिन्यात जाऊन फसायची सोयच नव्हती. १९९८ मध्ये कोकण रेल्वेचा मार्ग सलग सुरू झाला आणि ती सोय झाली. पण एवढे बोगदे खोदून, एवढे पूल बांधून झालेल्या त्या रेल्वेलासुद्धा पावसाळ्यासाठी वेगळं वेळापत्रक काढावं लागतं आणि गाड्या सावकाश चालवाव्या लागतात. लोखंडाला कळतं ते आपल्या ग्रुपला कळत नाही. राहता राहिली गणपतीतली सहल. आगाऊ आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या गाड्या उघडताच भरतात. त्यातूनही जागा मिळवून एखादं कुटुंब ‘उत्सवी वातावरणात’ राहायला पोचलंच, तर राहायचं कुठे? त्या आठवड्यात माजघरापासून पडवीपर्यंत घरचीच माणसं ओळीने आडवी असतात. सातबारावरची सगळी नावं वर्षातून एकदा जिथे एका छपराखाली येतात, तिथे सातबाराबाहेरच्या माणसासाठी उशी उरत नाही.

महिना साधला तरी तिथी उरते आणि तिथी साधली तरी तास उरतो. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसाला भरतीची वेळ काढायला मोबाइल लागत नाही. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास साधारण निघतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. तिथून सव्वासहा तासांनी ओहोटी. हिशोब ढोबळ आहे, थोडं मागेपुढे होतं, पण सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेहून बराच बरा. ती पत्रिका अशी असते, ‘दिवस दुसरा. दुपारी बारा वाजता समुद्रस्नान. संध्याकाळी सहा वाजता किनाऱ्यावरून लांब फेरफटका, सूर्यास्ताचे फोटो.’ हीच पत्रिका अष्टमीला लावून बघा. दुपारी बाराला ओहोटी, म्हणजे स्नानासाठी पाणी गाठायला चालत जावं लागणार, आणि संध्याकाळी सहाला भरती, म्हणजे फेरफटक्याची वाळू पाण्याखाली. पौर्णिमेला लावा. संध्याकाळी ओली वाळू लांबवर मोकळी पडलेली, फेरफटका झकास, पण दुपारच्या स्नानाला नेमकी उधाणाची भरती, आणि त्या पाण्यात उतरू नका असं सांगायला गावातला माणूस धावत येणार. एकूण काय, लांब फेरफटका आणि उतरण्याजोगं जवळचं पाणी हे दोन्ही आपल्याला हव्या त्या तासांना देणारी तिथी पंचांगात नाही. खाण्याचंही तेच. काळोखातली कुर्ली भरलेली आणि चांदण्यातली पोकळ, असं मासळीबाजारात ठामपणे सांगतात, आणि चांदण्यात किनाऱ्यावर बसून भरल्या कुर्ल्या खाण्याचा बेत तिथेच बारगळतो.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो जास्त वजनदार आहे. आम्ही पैसे मोजतो, गावानेही धंदा म्हणूनच खोल्या बांधल्या आहेत, मग ग्राहकाच्या सोयीने का नाही चालायचं? १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला, २०२० मध्ये राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं, एमटीडीसीची निवास व न्याहारी योजना आहे, तेव्हा पाहुणा हा काही आगंतुक नाही, असं हा आक्षेप सांगतो. बरोबर आहे. पण त्या धोरणाच्या नावात आधी ‘कृषी’ आहे आणि त्यामागचा विचारही तोच आहे की शेती चालू असावी, तिला जोड म्हणून पाहुणा यावा. पाहुण्यासाठी शेती थांबली तर जे उरतं ते कृषी पर्यटन नव्हे, ते दारात गाय बांधलेलं लॉज होय. आणि खरी मेख अशी की पाहुण्याला तेही चालत नाही. लॉजच हवं असतं तर ते त्याला लोणावळ्यात मिळालं असतं. त्याला चालतं गाव बघायचं असतं, फक्त आपण पोचल्यावर ते थोडं थांबावं आणि फोटोसाठी सरळ उभं राहावं अशी त्याची अपेक्षा असते. पैशाने खोली विकत मिळते, गादी मिळते, चारीठाव जेवण मिळतं. ओहोटी मिळत नाही. वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची पिल्लं वाळूतून बाहेर येतात, ती अंडी घातल्यापासून पन्नासेक दिवसांनी, आणि आदल्या शुक्रवारी मुंबईहून कोण निघालं आहे याची त्यांना कल्पना नसते. एकदाही पिल्लू न दिसता परतलेला माणूस त्या गावाला दोन तारे देतो. ज्या चुकीसाठी हे तारे कापले गेले ती कासवाने केलेली असते, आणि कासवाला खुलासा लिहिता येत नाही.

मग याचा निष्कर्ष असा का, की जानेवारीतल्या एखाद्या मंगळवारी जावं? हवा छान, समुद्र निळा, मासळी भरपूर, किनारा रिकामा, घरमालकांना बोलायला वेळ. हा तिसरा आक्षेप मुळात उपरोधाने घेतला जातो, कारण त्या मंगळवारी कुणालाच रजा नसते. पण तो गंभीरपणे घेतला तरी त्यातून सिद्ध होतं ते इतकंच की जानेवारीत जानेवारी असतो. आंबा नाही, पाऊस नाही, धबधबे नाहीत, सडा वाळलेला. ‘योग्य महिना’ शोधणं ही ‘योग्य गाव’ शोधण्याचीच दुसरी आवृत्ती आहे. दोन्हींत सहा फोटो एकत्र मिळतील ही आशा शिल्लक राहते. ती सोडली की आखणी सोपी होते. तारीख आपल्या हातात नसते, ती उरलेलीच असणार, हे एकदा मान्य करावं. मग ठिकाणाचा वाद घालण्याआधी फोन करून विचारावं की या तारखांना तुमच्याकडे काय असतं, आणि जे सांगतील त्यातून यादी करावी. भरतीचं गणित मांडून समुद्राचे तास ठरवावेत आणि उरलेला वेळ उरू द्यावा. एवढा विचार करत बसलं तर मजा जाईल, अशी भीती असेल तर ती निराधार आहे. दीड हजार डच लोकांची पाहणी करून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की सहलीला जाणारी माणसं जास्त आनंदी असतात ती निघण्यापूर्वी. परतल्यावर ती आणि घरी बसलेली बहुतेक सारखीच. आनंद जर आखणीतच असेल, तर ती आखणी खऱ्या गावाची केलेली काय वाईट?

एवढं पटवूनही ग्रुपवर मतदान होईल आणि मे महिन्याचा दुसरा आठवडा बहुमताने निवडून येईल, हे धरून चालायला हरकत नाही. लोकशाहीत तेही बसतं. तसं झालं तर यादीतून निवांतपणा, धबधबा आणि भरपूर पाणी एवढं खोडावं आणि त्या जागी रायवळ, फणस, जांभळं आणि करवंदं लिहावीत. रायवळाचा रस कोपरापर्यंत ओघळतो आणि त्याची पेटी कुणी वाशीला पाठवत नाही, त्यामुळे तो मागावा तितका मिळतो. पडवीत पेट्या असतील तर अंगणात बसावं. मुलांना पेंढा भरायला लावावं, मुलं तो आनंदाने भरतात आणि त्याबद्दल जादा पैसे कापले जात नाहीत. गर्दीची तक्रार मात्र करू नये, कारण ती गर्दी म्हणजे आपणच. मे महिन्यात कोकणात दोन नगदी पिकं एकदम उतरतात, आंबा आणि पाहुणा. पहिल्याची प्रतवारी दिवसाढवळ्या होते, मोठा, मध्यम, डागी अशी. दुसऱ्याचीही होत असते. फक्त ती स्वयंपाकघरात, हळू आवाजात होते, आणि तिचे तारे आपल्याला कुठे वाचायला मिळत नाहीत.